टिचकी

भंडाऱ्यात पाण्याचा पितळी गुंड घ्यायला आलेली बाई आधी भावाला हात घालत नसे. गुंड उचलायची, कमरेवर ठेवून पाहायची, खाली ठेवायची आणि मधल्या बोटाने त्याच्या पोटावर टिचकी मारायची. गुंड लांबवर वाजत राहिला की पसंत. ‘थड्’ करून गप्प झाला की काही न बोलता दुसरा उचलायची. माझे बाबा भांडी घडवायचे. गिऱ्हाइकाची टिचकी पडायच्या वेळी त्यांची हातोडी थांबायची. कुठल्या गुंडाला केसाएवढी चीर गेलीय हे त्या बाईच्या आधी त्यांना कळलेलं असायचं.

मी पुढे सदतीस वर्षं विमानाच्या पत्र्याचं काम केलं. त्यातला बराच भाग टिचकी मारण्याचाच होता. बोटाऐवजी हातात कधी नाणं असे, कधी छोटी हातोडी, कधी मशीनचा प्रोब, एवढाच फरक.

विमान मी पाहिलं नव्हतं तेव्हापासून ऐकत होतो. १९४९ पासून नागपुरात रात्रीच्या टपालाची सोय होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार बाजूंनी टपालाची विमानं मध्यरात्री सोनेगाव विमानतळावर उतरायची, एकमेकांच्या थैल्या बदलून घ्यायची आणि आल्या दिशेला परत उडायची. उन्हाळ्यात आम्ही अंगणात झोपायचो तेव्हा पूर्वेकडून एक घरघर यायची आणि वैनगंगेवरून नागपूरकडे जायची. आजा म्हणायचा, ‘डकोटा चाललं.’ १९५३ मध्ये आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हा तिच्या वाट्याला ९९ विमानं आली. त्यांतली ७४ डकोटा होती. त्यांतली बरीचशी महायुद्ध संपल्यावर सैन्याने स्वस्तात काढून टाकलेली. म्हणजे आपल्याकडच्या प्रवासी विमानसेवेची सुरुवातच जुन्या मालावर झाली. आमच्याकडे अजून ज्या गाडीचं दार दोरीने बांधलेलं असतं आणि जिला धक्का मारल्याशिवाय गत नसते, तिला ‘डकोटा’च म्हणतात. हा त्या विमानावर मोठा अन्याय आहे, पण ते पुढे सांगतो.

१९७८ मध्ये आयटीआयचा शीट मेटलचा दाखला घेऊन मी मुंबईला गेलो. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढे माझी एक चूक येणार आहे, ती माझ्याच नावावर राहू द्यावी.

पहिल्याच आठवड्यात आमचे इन्स्पेक्टर म्हणाले, “टॉयलेटच्या फ्लोअरखाली गंज आहे का बघून ये.” आमच्या विदर्भात गंज म्हणजे भात रांधायचं मोठं पातेलं. मी टॉर्च घेऊन आत शिरलो. पंधरा मिनिटं पोटावर सरपटलो आणि बाहेर येऊन सांगितलं, “साहेब, तिथं एकबी भांडं नाही.” हा किस्सा मी रिटायर होईपर्यंत हँगरमध्ये चालला. निरोप समारंभात मला भेट म्हणून ॲल्युमिनियमचं पातेलंच दिलं. लोखंडावर चढतं त्याला आम्ही जंग म्हणतो, हे मी तेव्हापासून किती जणांना समजावलं असेल.

पण ॲल्युमिनियमवर तांबडं काही चढतच नाही. पांढरी भुकटी धरते, तांदळाच्या पिठीसारखी. बोटाने पुसली की खाली पत्र्याला खड्डे दिसतात. रोग फार आत गेला असला तर जाड पट्टीला चिरोट्यासारखे पापुद्रे सुटतात. तो कुठे सापडतो हे शिकायला पुस्तक लागत नाही, माणसं विमानात काय सांडतात ते माहीत हवं. स्वयंपाकाच्या ओट्याखाली चहा, सरबत, आमटी. दारापाशी पावसाळ्यात प्रवाशांच्या चपलांचं पाणी. सामानाच्या कप्प्यात कोळंबीच्या पेट्यांतून झिरपलेलं खारं पाणी. सगळ्यात वाईट जागा टॉयलेटखालची. चकचकीत केबिनमधली गालिचाची पट्टी उचलून, फळी काढून खालची बीम पाहिली की विमानाचं खरं वय कळायचं. दोन विमानं एकाच महिन्यात कारखान्यातून आलेली. एक समुद्रकाठच्या शहरांमध्ये फिरलेलं, एक कोरड्या मुलखात. दहा वर्षांनी फळ्या उचलल्या तर ती सख्खी भावंडं आहेत असं कोणी म्हणणार नाही.

सुट्टीत घरी आलो की मी हे बाबांना सांगायचो. ते ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, “आपल्या पितळेलाही मुताचं वावडं हाय.” आमच्या घरी नवं ठोकलेलं भांडं गोठ्याच्या बाजूला ठेवत नसत, हे मला आठवलं. कारण कोणी सांगितलं नव्हतं. कारण मी पुढे ट्रेनिंगच्या एका वर्गात ऐकलं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली जायची आणि हात न लावता त्यांना चिरा पडायच्या. पावसाळ्याच्या हंगामात व्हायचं म्हणून त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं. बरीच वर्षं डोकं खाजवल्यावर १९२१ च्या सुमारास उलगडा झाला: घोड्याच्या मुतातला अमोनिया आणि काडतूस दाबून घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, दोघं मिळून धातू फोडतात. वर्गात सगळे हसत होते. मला आमचा गोठा दिसत होता.

त्या ताणावर बाबांकडे उपाय होता. पितळ ठोकत गेलं की कडक होतं, आणखी ठोकलं की फुटतं. म्हणून मधे मधे भांडं भट्टीत घालून ताव द्यायचा. लाल होऊन गार झालं की पितळ पुन्हा कोवळं, पुन्हा ठोकायला तयार. एका दिवाळीत त्यांनी मला सरळ विचारलं, “मंग तुमच्या विमानाले भट्टीत घालून नरम काहून नाही करत?”

त्या प्रश्नाचं उत्तर देताना मला माझंच काम नीट समजलं. विमानाच्या पत्र्याला ताव देता येत नाही. तो ॲल्युमिनियममध्ये तांबं मिसळून केलेला असतो आणि त्याची सगळी ताकद एका विचित्र गोष्टीतून आलेली असते. अल्फ्रेड विल्म नावाच्या जर्मन धातुतज्ज्ञाने १९०६ च्या सुमारास हा मिश्रधातू तापवून पाण्यात बुडवला. लगेच तपासला तर मऊ. दोन दिवसांनी पुन्हा तपासला तर बराच कडक झालेला. कोणी हात लावला नव्हता, नुसता पडून पडून तो मजबूत झाला. धातुशास्त्रात याला ‘एजिंग’ म्हणतात, म्हणजे चक्क म्हातारं होणं. आमच्याकडचे काही रिव्हेट याच धातूचे. ते तापवून, बुडवून लगेच फ्रीजमध्ये ठेवायचे. थंडीत त्यांचं वय थांबतं. बाहेर काढले की घाईने ठोकायचे; थोड्या वेळात ते इतके कडक होतात की ठोकताना फुटतात. आई कौतुकाने शेजारणीला सांगायची, “याच्या कंपनीत खिळे फ्रीजात ठेवते.” शेजारीण म्हणायची, पोरगा मुंबईला जाऊन बिघडला.

तर हा पत्रा पुन्हा तापवला की कमावलेली ताकदच जाते. उड्डाणाने आलेला थकवा मात्र आगीने जात नाही. बाबा एवढंच म्हणाले, “म्हणजे कच्चं काम हाय तुमचं.”

थकवा कसा येतो ते सांगतो. विमान वर गेलं की बाहेरची हवा विरळ होते, म्हणून आत दाब भरून ठेवावा लागतो. पस्तीस हजार फुटांवर जेट विमानाच्या कातडीवर आतून दर चौरस इंचाला साधारण आठ पौंडांचा रेटा असतो. लहान जेटची कातडी जेमतेम एक मिलिमीटर जाड. प्रत्येक फेरीला विमान एकदा फुगतं आणि एकदा ओसरतं. पक्कड नसली की आपण तार मागेपुढे वाकवून तोडतो, तसंच हे चाललेलं असतं, फक्त फार हळू आणि फार थोडं वाकवून. तीन तास फुगलेलं राहिलं काय नि वीस मिनिटं राहिलं काय, वाकणं एकच. म्हणून हँगरमध्ये विमानाचं वय कोणी वर्षांत सांगत नाही. विचारतात, “सायकल किती?” एक उड्डाण आणि एक उतरणं मिळून एक सायकल. आपल्या एसटीला हे पटकन कळेल. भंडारा–तुमसर लोकल मोहाडीला थांबते, फाट्याफाट्यावर थांबते. तिचा क्लच आणि ब्रेक कधी जातो आणि रात्री निघून सकाळी पुण्याला पोचणाऱ्या गाडीचा कधी जातो, हे डेपोतल्या कोणत्याही मेकॅनिकला विचारा. किलोमीटर दुसरीचे जास्त, झीज पहिलीची.

आता डकोटाचं. त्या विमानात दाब भरायची सोयच नव्हती. खालून उडायचं, कातडी फुगायची नाही, ओसरायची नाही. त्यामुळे ऐंशी वर्षं उलटल्यावरही जगात काही डकोटा अजून उडताहेत. आपण खटाऱ्याला ज्याचं नाव दिलं त्याची कातडीच सगळ्यात कमी थकली. उलट सुंदर, गुळगुळीत, जगातलं पहिलं प्रवासी जेट असलेलं कॉमेट. ते १९५२ मध्ये सेवेत आलं आणि १९५४ मध्ये त्याची दोन विमानं हवेतच फुटली. कारण हेच, फुगणं आणि ओसरणं. कोवळ्या वयात गेली.

आमच्या कामाचा कॅलेंडरवरचा मोठा दिवस २८ एप्रिल १९८८. हवाई बेटांमध्ये अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ हिलोहून होनोलुलूला निघालं होतं. चोवीस हजार फुटांवर त्याचं पुढचं छप्पर अठरा फूट लांबीपर्यंत उडून गेलं. प्रवासी उघड्या आभाळाखाली पट्ट्याने बांधलेले. एक हवाई सेविका बाहेर खेचली गेली. बाकीच्यांना वैमानिकांनी माऊई बेटावर उतरवलं. फोटो आमच्या हँगरच्या नोटीस बोर्डावर लागला, तेव्हा चहाच्या सुट्टीत त्याच्यासमोर कोणी बोलेना. विमान एकोणीस वर्षांचं. वर्षांनी काही फार नाही. पण सायकल ८९,६८०. बेटावरून बेटावर, वीस-पंचवीस मिनिटांच्या फेऱ्या, भंडारा–तुमसर लोकलच ती. वरून समुद्राची खारी हवा. बनवताना हिशेब धरला होता ७५,००० चा. पत्र्यावर पत्रा जिथे चढवतात त्या जोडातला चिकटपदार्थ सुटला, सगळा भार रिव्हेटांवर आला आणि एका ओळीतल्या भोकाभोकांमधून बारीक चिरा निघाल्या. एक चीर धोक्याची नसते, ती कुठेतरी अडते. इथे शेजारशेजारच्या चिरा एकमेकींना भेटल्या.

चौकशीत एक गोष्ट बाहेर आली, ती मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. विमानात चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळ पत्र्यात चीर दिसली होती. ती कोणाला बोलली नाही. आमच्या भंडाऱ्यातली गुंड घेणारी असती तर दारातच टिचकी मारली असती आणि म्हणाली असती, हे नको, दुसरं दाखवा.

त्यानंतरची काही वर्षं मी अशा जोडांमध्ये, म्हणजे लॅप जॉइंटमध्येच काढली असं म्हणायला हरकत नाही. जोडाच्या वरच्या ओळीतले सपाट डोक्याचे रिव्हेट काढायचे, भोक तपासायचं, उभ्या डोक्याचे बसवायचे. सपाट डोकं पत्र्यात बसावं म्हणून भोकाची कड तासलेली असते, ती सुरीच्या धारेसारखी पातळ होते आणि चीर तिथूनच निघते. प्रत्येक भोकावर एडी करंटचा प्रोब फिरवायचा. पेनाएवढा प्रोब, त्याची तार मशीनला, आणि मशीनवरची सुई. भोक चांगलं असेल तर सुई शांत. पत्र्यात आत चीर असेल तर ती झटका देते. एका रात्रीत कित्येकशे भोकं. पहाटे तीन-चारच्या सुमारास डोळ्याला सुया दोन दिसायला लागतात. तेव्हा आमच्यातला एक मंगळुरी सोबती नियम म्हणून पाच मिनिटं कोणाशीही न बोलता हँगरबाहेर उभा राहायचा. मी पण ती सवय लावून घेतली. पत्रा कितीही थकलेला असला तरी चालेल, तपासणारा थकला की संपलं.

माझी चूक याच्या बऱ्याच आधीची, नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली. जोडावरचं जुनं सीलंट खरवडून काढायचं काम होतं. त्यासाठी प्लास्टिकचं किंवा लाकडी पातं वापरायचं असा दंडक. लाकडाने वेळ लागतो. मी हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडला दगडावर धार लावून स्वतःचं हत्यार केलं होतं, बाबांच्या दुकानात आम्ही असंच करायचो. काम झरझर झालं. संध्याकाळी इन्स्पेक्टर आले. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि जोडावरून अंगठ्याचं नख फिरवत गेले. एका जागी नख अडलं. ‘ठक्’ असा आवाज आला नाही, पण मला तो ऐकू आला.

केसासारखी रेघ, चार-पाच इंच लांब. डोळ्याला दिसतही नव्हती. पण प्रत्येक उड्डाणाला पत्रा जिथे वाकतो, नेमकी त्याच ओळीवर. ते ओरडले नाहीत. “तुझ्या हाताने लिही,” म्हणाले. मी लॉगमध्ये लिहिलं: जागा, लांबी, कशामुळे, कोणी. मग रेघ घासून सपाट केली, उरलेली जाडी मोजली, ती मर्यादेत बसली. पुढच्या प्रत्येक मोठ्या तपासणीत ती जागा वेगळी पाहायची असा शेरा पडला. ते विमान आमच्याकडे असेपर्यंत दर वेळी मी स्वतः जाऊन तिथे नख फिरवलं. पुढे ते विकलं गेलं. कागद बरोबर गेले असतील. तिकडे कोणीतरी माझं नाव वाचलं असेल आणि मनात शिवी दिली असेल. द्यावी.

लिहून ठेवण्यावर एवढा भर का, ते १९८५ मध्ये समजलं. जपान एअरलाइन्सच्या एका जंबोची शेपटी १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना जमिनीला घासली होती. मागची दाबाची भिंत दुरुस्त करताना जोडपट्टी अखंड बसवायला हवी होती, ती दोन तुकड्यांत बसली. भार दोन ओळींनी घ्यायचा तो रिव्हेटांच्या एकाच ओळीवर आला. बाहेरून दुरुस्ती झकास दिसत होती. पुढची सात वर्षं, बारा हजारांहून जास्त उड्डाणं, ते विमान उडत राहिलं. १२ ऑगस्ट १९८५ ला भिंत फुटली, शेपूट गेलं, ५२० माणसं गेली. मी सायकल मोजायला शिकलो होतो. हे वाचल्यावर दुरुस्तीचंही वय मोजायला शिकलो. भांड्याला डाग दिलेला असतो, तो भांड्याच्या आधी सुटतो की नंतर, एवढाच प्रश्न असतो.

नातेवाईक तिकीट काढलं की मला फोन करायचे, “विमान किती जुनं हाय जी?” १७ जुलै २००० नंतर तर फारच. पाटण्याला अलायन्स एअरचं बोइंग ७३७ घरांवर कोसळलं, विमानातले ५५ आणि जमिनीवरचे ५ गेले. विमान वीस वर्षांचं होतं. दुसऱ्या दिवसापासून ‘उडत्या शवपेट्या’ वगैरे सुरू झालं. पुढे चौकशीत विमानाच्या म्हातारपणाचा दोष निघाला नाही. उतरताना विमान हाताळण्यातली चूक निघाली. पण लोकांच्या मनात ‘वीस वर्षं’ एवढंच राहिलं. मला याचा राग यायचा, अजून येतो. बाहेरून जुनं विमान आणताना सरकार वर्षांची अट घालतं, सोबत फेऱ्यांचीही घालतं, ते बरोबरच. पण जे वर्षांवरून घाबरतात ते वर्षांवरूनच निर्धास्तही होतात, आणि तेही तितकंच चूक.

नागपूरच्या लोकांना हे समजावताना मला एक हक्काचं उदाहरण होतं. सोनेगावला १९९१ मध्ये एक बोइंग ७२० उतरलं आणि परत उडालंच नाही. बोइंग ७०७ चं हे धाकटं भावंड, साठच्या दशकातलं. जवळजवळ चोवीस वर्षं ते तिथेच उभं होतं. मी सुट्टीला विमानाने आलो की खिडकीतून आधी ते शोधायचो. पहिल्या वर्षी रंग होता. मग रंग पांढुरका झाला, मग टायर बसले, खालून गवत वर आलं. २०१५ मध्ये त्याला तिथून हलवलं. त्याची सायकल इतक्या वर्षांत एकानेही वाढली नव्हती. वाकून मोडण्याच्या हिशेबात त्याचं वय थांबलेलं. पण उभ्या विमानाला वेगळं म्हातारपण येतं. रबर वाळतं, सील चिरतात, टाकीच्या तळाला पाणी साचून बुरशी धरते, नळ्यांमध्ये गांधीलमाशी घर करते, पाखरं काड्या आणतात. विदर्भातला उन्हाळा आणि लगेच पावसाळा, दोन्ही अंगावर. विमान उभं ठेवायचं तरी त्याची दर आठवड्याला सेवा लागते, चाकं फिरवावी लागतात, इंजिनाची तोंडं बांधावी लागतात. २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली, तिच्या ताफ्यात ५४ विमानं होती आणि बहुतेक नव्या पिढीची. मालक कंपन्या ती परत मागत कोर्टात उभ्या होत्या, ती बातमी वाचताना मला सतत ते सोनेगावचं गवत दिसायचं.

माझा भाचा आता नागपूरच्या मिहानमध्ये काम करतो. बोइंगने एअर इंडियाच्या मोठ्या खरेदीच्या बदल्यात तिथे दुरुस्तीचं केंद्र बांधून दिलं, २०१५ मध्ये ते सुरू झालं. मी त्याच वर्षी रिटायर होऊन भंडाऱ्याला आलो. भाचा बोइंग ७८७ ची गोष्ट सांगतो. तिची कातडी कार्बनच्या धाग्यांची, तिला गंज नाही, असा थकवा नाही.

“मामाजी, तुमचा जमाना गेला. हिले जंगच नाही लागत.”

“मंग तुमी दिवसभर करता काय?”

तो हसला आणि खरं काय ते सांगितलं. सामानाची ट्रॉली घासली की पत्र्याला पोचा पडतो, दिसतो. कार्बनला वरून काही दिसत नाही, आतले थर सुटलेले असतात. वरून कीर्तन आतून तमाशा. त्यासाठी त्यांच्याकडे ध्वनिलहरींची मशीनं आहेत, आणि मशीन आणायच्या आधी काही जागी अजून नाण्याने, हातोडीने वाजवून पाहतात. घट्ट असेल तर आवाज खणखणीत, थर सुटला असेल तर ‘थड्’. मी त्याला घरातल्या गुंडावर वाजवून दाखवायला लावलं.

जग मात्र सध्या विमानं टाकायला तयार नाही. २०२४ च्या अखेरीला आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने जगातल्या विमानांचं सरासरी वय १४.८ वर्षं सांगितलं, तोवरचं सर्वांत जास्त. ऑर्डरी सतरा हजार विमानांच्या होत्या, कारखान्यांतून विमानं निघत नव्हती, म्हणून जुन्यांनाच आणखी एक मोठी तपासणी करून उडवायचं. एरवी विमान मोडीत निघतं ते बहुधा उडता येत नाही म्हणून निघत नाही. सात-आठ वर्षांतून एकदा येणारी मोठी तपासणी, जिच्यात सीटा, फळ्या, छत सगळं उपसून आठवडे जातात, तिचा खर्च आणि विमानाची किंमत समोरासमोर येतात. शेजारी कमी तेल पिणारं नवं विमान उभं असतं. हिशेबनीस पेन्सिल ठेवतो. मग इंजिनं उतरवतात, ती दुसऱ्या विमानाला जातात. चाकं, संगणक, दारं जातात. उरलेला सांगाडा भंगारच्या भावात.

२२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाच्या शेवटच्या काही जंबोंपैकी एक, ‘आग्रा’ नावाचं, मुंबईहून अमेरिकेला गेलं, सुटे भाग काढण्यासाठी. खिडक्यांभोवती ते लाल झरोके. उडाल्यावर वैमानिकाने पंख हलवून निरोप घेतला. भाच्याने फोनवर व्हिडिओ पाठवला. मी तो अंगणात बसून पाहिला. झाल्यावर पुन्हा लावला, आवाज बंद करून, नुसते पंख पाहायला. १९७१ मध्ये पहिला जंबो ‘सम्राट अशोक’ आला तेव्हा मी शाळेत होतो.

त्याच आठवड्यात दारावर मोडवाला आला. जुनं पितळ घेऊन स्टीलची भांडी देतो तो. बायकोने माळ्यावरून बाबांनी घडवलेला गुंड काढला. बाहेरून काळा पडलेला, एका बाजूला पोचा.

मी म्हटलं, “थांब.” आणि टिचकी मारली. गुंड वाजला. बराच वेळ वाजत राहिला.

“अजून चांगला हाय,” मी म्हणालो.

“वाजते चांगला,” ती म्हणाली. “पण नळ घरात आला, आता कमरेवर घेऊन पाणी आणते कोण?”

मोडवाल्याने गुंड काट्यावर ठेवला. काटा थोडा वेळ हलला आणि साडेतीन किलोवर थांबला. तो खिशातून कॅल्क्युलेटर काढायला लागला, तेव्हा मी त्याला मोडीचा भाव विचारला.